पहाटेची पालखी : संत योसेफांच्या सणाचे एक सोलापुरी प्रकरण

आमच्या चर्चच्या आश्रयदात्या संताचा, म्हणजे संत योसेफांचा सण दर वर्षी १९ मार्चला येतो. त्या संध्याकाळी संतांची मूर्ती पालखीत बसवून चर्चच्या फाटकाबाहेर काढायची, आसपासच्या गल्ल्यांतून फिरवून दिवेलागणीला परत आणायची आणि मग सणाची मिस्सा, म्हणजे चर्चमधला मुख्य उपासनाविधी, करायची, असा आमच्याकडचा जुना शिरस्ता आहे. २०२५ साली १९ मार्चला बुधवार होता. त्याच दिवशी रंगपंचमी होती, रमजानचे रोजे चालू होते आणि ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाचा दुसरा आठवडा चालला होता. एकाच गल्लीत एका बाजूने रंगाची पिंपे भरलेले गाडे, दुसऱ्या बाजूने रोजा सोडायला मशिदीकडे निघालेली माणसे आणि मधून आमची पालखी, हे चित्र फेब्रुवारीतच डोळ्यांसमोर उभे राहिले. मिरवणुकीची जबाबदारी त्या वर्षी माझ्याकडे होती. तो पेच कसा पडला, कोणत्या वाटा तपासल्या, शेवटी काय ठरले आणि त्यात आमचे कुठे चुकले, याची ही नोंद आहे. माणसांची, चर्चची आणि गल्ल्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

सण कोणाचा

सोलापूरकराला ग्रामदैवत म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि अवघे शहर त्या चार-पाच दिवसांच्या तालावर चालते. त्यामुळे शेजारीपाजारी आम्हाला सहज विचारतात, "तुमची जत्रा कधी?" हा प्रश्न मला नेहमीच आपुलकीचा वाटत आला आहे आणि मी त्याचे उत्तर तारीख सांगूनच देतो. तरीही एक फरक सांगणे आवश्यक आहे. कॅथलिक परंपरेत प्रत्येक चर्च देवाला अर्पण करताना त्याला एक नाव दिले जाते. कधी ते ख्रिस्ताच्या जीवनातील एखाद्या घटनेचे असते, कधी मरियामातेचे, कधी एखाद्या संताचे. त्या नावाचा जो दिवस तो त्या चर्चचा वार्षिक सण. गोव्यात त्याला फेस्त म्हणतात, आम्ही नुसते 'चर्चचा सण' म्हणतो. संत हा आमच्या श्रद्धेत देव नसतो. आराधना देवाचीच होते आणि संताकडे आपण मध्यस्थीची विनंती करतो, म्हणजे आपल्यासाठी देवाजवळ प्रार्थना करा असे त्याला सांगतो. वडीलधाऱ्या माणसाला 'आमच्यासाठी एक शब्द टाका' म्हणावे, त्या जातीची ती विनंती असते.

महाराष्ट्रात अशा सणांची मोठी रूपे पुष्कळांना ठाऊक आहेत. सप्टेंबरात वांद्र्याच्या टेकडीवर माउंट मेरीची जत्रा आठवडाभर चालते, श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेसाठी गावोगावचे भाविक लोटतात. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त होते आणि २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात तेथे त्यांच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक दर्शन होते, तेव्हा आमच्यातली काही कुटुंबे त्या गर्दीत जाऊन आली होती. सोलापूरचा सण त्यांच्या तुलनेत अगदी लहान आहे. पुणे धर्मप्रांतातल्या आमच्या या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या वस्तीत, कुटुंबे मोजकी आहेत, कोणी रेल्वेमुळे इथे आलेले, कोणी गिरणीमुळे, कोणी रुग्णालयातील नोकरीमुळे. घरात मराठी, तमिळ, मल्याळम, तेलुगू, कोंकणी अशा भाषा बोलल्या जातात आणि सणाची गाणी कोणत्या भाषेत किती असावीत, यावरून दर वर्षी थोडी तरी कुरबूर होतेच.

संत योसेफांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पुढचा निर्णय त्यांच्या स्वभावाशी जोडलेला आहे. शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांत, त्यांची ओळख दोन-तीन गोष्टींपुरतीच आहे. ते दाविदाच्या घराण्यातले, नासरेथचे कारागीर. मूळ ग्रीकमध्ये त्यांच्यासाठी 'तेक्तोन' असा शब्द आहे, तो लाकूडकाम वा बांधकाम करणाऱ्या कारागिराला लावत आणि मराठीत आपण तो सुतार असा घेतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात देवदूत त्यांना स्वप्नात सांगतो, ते उठतात आणि सांगितल्याप्रमाणे करतात. मरियेला घरी आणतात, बाळाला आणि आईला घेऊन रातोरात मिसरला (इजिप्तला) निघतात, पुढे परत येतात. एवढे सगळे करताना त्यांच्या तोंडचा एकही शब्द चारही शुभवर्तमानांत नोंदलेला नाही. पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८७० रोजी त्यांना सार्वत्रिक चर्चचे आश्रयदाते म्हणून घोषित केले आणि १९५५ साली बारावे पायस यांनी १ मे हा 'कामगार संत योसेफ' यांचा दिवस ठरवला. ज्या शहरात गिरणीच्या भोंग्यावर घड्याळे लावली जात, त्या शहरातील ख्रिस्ती कामगारांना हा संत आपल्यातलाच वाटला यात नवल नाही. माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. पहिल्या पाळीला जाताना ते देवघरातल्या संत योसेफांच्या तसबिरीला हात लावून बाहेर पडत आणि त्याही वेळी काही बोलत नसत.

तारीख हलवता येत नाही

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात समितीची बैठक झाली, तेव्हा सर्वांच्या तोंडी पहिली सूचना तीच होती, जी कोणत्याही मंडळाच्या बैठकीत येईल : सण रविवारी घेऊ या. लोकांना सुटी असते, मुले मोकळी असतात, रंगपंचमीही टळते. सूचना व्यवहाराची होती, पण ती मान्य होण्यासारखी नव्हती आणि त्याची कारणे फादरांनी शांतपणे समजावून सांगितली. आठवड्याच्या मधल्या दिवशी आलेला चर्चचा सण लोकांच्या सोयीसाठी रविवारी साजरा करण्याची मुभा उपासनाविधीच्या नियमांत जरूर आहे, मात्र ती सामान्य काळातील रविवारांपुरती आहे. उपवासकाळातील रविवार सगळ्या संतांच्या सणांवर भारी ठरतात. १९ मार्च स्वतःच रविवारी आला तर संत योसेफांना बाजूला सरकावे लागते. २०२३ साली तसेच झाले होते आणि सण सोमवारी, २० मार्चला करावा लागला होता. २००८ मध्ये १९ मार्च ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आला, तेव्हा जगभर हा सण चार दिवस आधी, १५ मार्चलाच घेतला गेला. म्हणजे तारीख हलते, परंतु ती आपल्या सोयीने हलत नाही. मोठ्या गोष्टीला वाट करून देण्यासाठी हलते.

दुसरी सूचना १ मेची होती. त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुटी असते, कामगारांचा दिवस असतो आणि संत योसेफांचेच स्मरण असते. मला स्वतःला ती सूचना फार आवडली होती आणि गिरणगावाशी असलेले नाते सांगून मी तिची बाजूही मांडली. पण आमच्या चर्चचे नाव मरियेचे पती संत योसेफ यांच्या नावे आहे आणि त्यांचा महासण १९ मार्चचा. १ मेचा दिवस उपासनेच्या पंचांगात ऐच्छिक स्मरणदिन म्हणून येतो, त्याला हा दर्जा नाही. शिवाय सोलापूरच्या मे महिन्यात संध्याकाळी सहा वाजताही डांबर पायाला चटके देते आणि पालखीला खांदा देणारी माणसे चपला काढून चालतात. माझी सूचना तिथेच बारगळली. वाईट वाटले, पण आक्षेप रास्त होता.

उपवासकाळात सण कसा, असा प्रश्न बाहेरचे लोक हमखास विचारतात. चाळीस दिवसांच्या या काळात वेदीवर फुले नसतात, धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, मिस्सामधले गौरवगीत म्हटले जात नाही. १९ मार्चला त्या एका दिवसापुरता झगा पांढरा होतो, फुले येतात, गौरवगीत पुन्हा ऐकू येते. आलेलूया हा स्तुतीचा घोष मात्र त्या दिवशीही म्हटला जात नाही, तो पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, रात्रीसाठी राखून ठेवलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फुले काढली जातात आणि जांभळा रंग परत येतो. लहानपणी मला त्या एका दिवसाचे फार अप्रूप वाटे. वाळलेल्या ओढ्यात मध्येच एखादे पाण्याचे डबके दिसावे तसा तो दिवस असे. तो हलवला असता तर ते अप्रूपच हरपले असते. म्हणून तारीख कायम ठेवायची, हा निर्णय त्याच बैठकीत एकमताने झाला.

सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना, १० ते १८ मार्च अशी आली. बारावीची परीक्षा १८ मार्चला संपत होती, दहावीची १७ला. त्यामुळे नोव्हेनाच्या प्रार्थना चर्चच्या आत, बाहेरचा कर्णा बंद ठेवून करायच्या, हे कोणी न सांगताच ठरले.

संध्याकाळ की पहाट

खरा प्रश्न मिरवणुकीचा होता. सोलापुरात रंगपंचमीला रंगगाड्यांची मिरवणूक निघते आणि रंग खेळणे गल्लोगल्ली दिवसभर चालू असते. संध्याकाळी साडेसहानंतर सूर्यास्त होतो आणि रोजा सोडण्याची वेळ होते. आमची पालखी नेहमी सहाला निघते. परवानगीचा अर्ज घेऊन आम्ही तिघे पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी अत्यंत सौजन्याने ऐकून घेतले. परवानगी नाकारण्याचा प्रश्नच नाही, असे ते म्हणाले. मात्र त्या दिवशीचा बहुतेक बंदोबस्त रंगपंचमीत गुंतलेला असेल, गाडे कोणत्या गल्लीत किती वेळ थांबतील हे सांगता येत नाही आणि रोजाच्या वेळी मशिदीजवळ बँड थांबवावा लागेल, एवढे त्यांनी स्पष्ट केले. त्यांचे म्हणणे वाजवी होते.

बैठकीत यावर तीन तट पडले. तरुण मंडळींचे म्हणणे असे की वेळ बदलायची नाही, बँडला विसार दिलेला आहे, रंग उडाला तर उडाला, रंगपंचमी आपल्याही मुलांना आवडते. त्यांच्यातल्या दोघांना तर बँडऐवजी डॉल्बी हवी होती. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की या वर्षी मिरवणूक चर्चच्या आवारातच फिरवावी, उगाच कोणाच्या मध्ये जाऊ नये. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे एक काका तिसऱ्या मताचे एकटेच होते. आयुष्यभर पहाटेच्या ड्युट्या केलेला तो माणूस. ते म्हणाले, "पहाटे काढू या. पावणेसहाला. रस्ता मोकळा असतो, रंग सुरू झालेला नसतो, रोजेदारांची पहाटेची नमाज झालेली असते. साडेसहाला आपण परत."

यावर जो आक्षेप आला तो टाळता येण्यासारखा नव्हता आणि मला तो आजही महत्त्वाचा वाटतो. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आपण लपून सण करायचा का? सगळे झोपलेले असताना पालखी फिरवायची आणि उजाडायच्या आत दार लावून घ्यायचे?" खोली गप्प झाली. संख्येने लहान असलेल्या समाजाला सोयीचे वागणे आणि दबून वागणे यांतली सीमा ओळखणे अवघड जाते, कारण दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. मीही मनातून तिच्याच बाजूचा होतो. पहाट ही मला माघार वाटत होती.

पहाटेच्या पर्यायाला आणखी एक अडचण होती. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही आणि निवासी भागात त्या वेळची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दिवसा ती ५५ असते. म्हणजे पावणेसहाला निघायचे तर बँड नाही, कर्णा नाही, लितानी, म्हणजे संतांची नावे घेत केलेली विनवणी, म्हणायची तीही हळू आवाजात. हे ऐकून तरुण मंडळी आणखी नाराज झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरून आमच्या एक वयस्कर मावशी बोलल्या. दर वर्षी पालखीपुढे संतांची लितानी सांगण्याचा मान त्यांचा असतो, म्हणजे बँड आणि कर्णा गेल्याने सर्वांत जास्त नुकसान त्यांचेच होणार होते. त्या म्हणाल्या, "अरे, ज्याने अख्ख्या बायबलात तोंडातून शब्द काढला नाही, त्याच्यापुढे वाजंत्री हवीच कशाला? एक वर्ष त्याच्यासारखे चालून तरी बघू."

त्या वाक्याने बैठक संपली असे लिहिले तर ते खोटे होईल. त्यानंतरही तासभर वाद झाला, बँडच्या विसाराचे पैसे कोणी भरायचे यावर आवाज चढले. पण त्या वाक्यानंतर पहाटेचा विचार नाइलाज म्हणून कोणी मांडला नाही. लपून करण्याच्या आक्षेपाला उत्तर म्हणून दोन गोष्टी ठरल्या. पोलिसांकडे रीतसर अर्ज पहाटेच्या वेळेसह द्यायचा आणि मार्गावरच्या प्रत्येक घरी आधी जाऊन सांगायचे. दुसऱ्या गोष्टीची सूचना त्याच मुलीने केली आणि तिने ती स्वतः पार पाडली.

घरोघर जाण्याच्या त्या दोन संध्याकाळी मी तिच्याबरोबर होतो. मशिदीजवळच्या बोळात एका दुकानाच्या पायरीवर बसलेल्या चाचांना आम्ही वेळ सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "पावणेसहाला तर आम्ही सगळे नमाज करून बाहेरच पडत असतो. तुमची पालखी संध्याकाळी येते तेव्हा आम्ही आत असतो, कधी धड बघितली नाही." माझी माघारीची भावना गेली ती त्या पायरीवर. पहाटे सगळे झोपलेले असतात हे आमचे गृहीतच चुकीचे होते. त्या गल्लीत पहाट ही सर्वांत जागी वेळ होती. पाणी येण्याची वेळ तीच, दूध घालण्याची तीच, सडा टाकण्याची तीच.

गुण्या

पालखीची दुरुस्ती हे काम एरवी उल्लेख करण्याजोगे नसते. दर वर्षी दांड्यांना तेल लावायचे, रिबिनी बदलायच्या, एवढेच. या वेळी मूर्ती खाली काढताना लक्षात आले की संतांच्या उजव्या हातातला लाकडी गुण्या, सुतार काटकोन तपासायला वापरतात तो, मोडलेला आहे आणि कोणीतरी कधीतरी तो उलटा चिकटवला आहे. डाव्या हातावर बाळ येशू, उजव्या हातात गुण्या, अशी ती मूर्ती आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मूर्तींत त्या हातात लिलीची फुले असतात, कारण योसेफांच्या काठीला फुले आली अशी जुनी आख्यायिका आहे. आमच्या मूर्तीत मात्र हत्यार आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे.

जवळच सुतारकाम करणाऱ्या एका कारागिरांकडे मी तो तुकडा घेऊन गेलो. ते विश्वकर्म्याचे भक्त, दुकानात तशी तसबीर लावलेली. त्यांनी तो तुकडा हातात फिरवून पाहिला, डोळा बारीक करून त्याच्या कोनाकडे पाहिले आणि म्हणाले, "हा चिकटवून उपयोग नाही. याचा काटकोनच राहिलेला नाही. सुताराच्या हातात वाकडा गुण्या देऊन कसे चालेल?" मूर्तीच्या हातातला गुण्या कोणी मोजून पाहणार नाही, असे मी म्हणालो. त्यांनी उत्तर दिले नाही. सागाची एक पट्टी शोधली, रंधा मारला, दोन भाग पटाशीने खाच पाडून एकमेकांत बसवले आणि आपल्या रोजच्या वापरातल्या लोखंडी गुण्याला तो लावून पाहिला. फट दिसली, म्हणून पुन्हा काढून घासला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा मधून उजेड आला नाही. मूर्तीच्या मुठीत बसेल असा तो वीतभर लांबीचा तुकडा करायला त्यांना पाऊण तास लागला. पैसे विचारले तर सणाच्या दिवशी पोळी पाठवा म्हणाले.

१९ मार्चची पहाट

पावणेसहाला फाटक उघडले तेव्हा अंधारच होता. पौर्णिमा होऊन पाचच दिवस झाले होते, त्यामुळे मोठा चंद्र अजून आकाशात होता. माणसे दीडशेच्या आतच असतील, नेहमीपेक्षा कमी. प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती होती आणि वारा लागू नये म्हणून कागदी पेल्याचा तळ कापून तो तिच्याभोवती लावलेला होता. पुढे क्रूस, त्यामागे मुले, मग स्त्रिया, मग पालखी आणि शेवटी फादर, असा क्रम होता. आम्ही सोलापूरकर शांतपणे चालू शकतो यावर माझा स्वतःचा विश्वास नव्हता. पहिल्या वळणापर्यंत कुजबुज होती, पुढे ती थांबली. मग पालखीच्या दांड्यांचा कुरकुर आवाज, पावलांचा आवाज आणि मावशींची हळू आवाजातली लितानी एवढेच ऐकू येऊ लागले. मावशी संताचे एक नाव घेत आणि आम्ही 'आम्हासाठी विनंती कर' म्हणत असू. कर्ण्यावरून ही लितानी मी चाळीस वर्षे ऐकली आहे. मावशींना मध्येच धाप लागते, हे त्या पहाटे प्रथम ऐकले.

मशिदीच्या बोळाच्या तोंडाशी नमाज आटोपलेली माणसे भिंतीला लागून उभी होती. ते चाचा होते. त्यांच्या शेजारच्या एका तरुणाने मोबाईलचा दिवा रस्त्यावर धरला, कारण तिथे गटाराचे झाकण निघालेले होते आणि खांदेकऱ्यांना ते दिसले नसते. पुढच्या गल्लीत दोन घरांपुढे सडा टाकून रांगोळी काढलेली होती. एका बाईंनी रांगोळीत गुण्याचा आकार काढायचा प्रयत्न केला होता, असे त्यांनी नंतर सांगितले. मला त्या वेळी तो इंग्रजी अक्षरासारखा वाटला होता. सहा वाजून गेल्यावर नियमाने गाणे म्हणता आले असते, पण कोणी सुरू केले नाही. साडेसहाच्या सुमारास, उजाडत असताना, पालखी आत आली.

दिवसभर गल्लीत रंग झाला. संध्याकाळी सातला सणाची मिस्सा झाली तेव्हा मुलांच्या कानांमागे हिरवा-गुलाबी रंग तसाच होता आणि धर्मगुरूंच्या पांढऱ्या झग्यासमोर तो उठून दिसत होता. पोप फ्रान्सिस त्या दिवसांत रोममधील जेमेल्ली रुग्णालयात होते. १९ मार्च २०१३ रोजी, याच सणाच्या दिवशी, त्यांनी पोपपदाच्या सेवेला आरंभ करणारी मिस्सा अर्पण केली होती. त्याला बरोबर बारा वर्षे झाली होती. विश्वासूंच्या प्रार्थनांत त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना झाली तेव्हा चर्चमध्ये एरवीपेक्षा मोठ्याने प्रतिसाद उमटला.

जेवणाचा बेत शाकाहारी ठेवला होता. महासणाच्या दिवशी तशी सक्ती नव्हती, पण आमच्याकडे बहुतेक घरांत चाळीस दिवस मटण-मासळी वर्ज्य असते आणि सणाच्या पंगतीसाठी तो नेम मोडायला कोणी तयार नव्हते. सिसिलीत संत योसेफांच्या सणाला गरिबांसाठी मांडलेल्या मेजावर याच कारणाने मांस नसते, भाकरीपाव आणि वाल असतात आणि पदार्थांवर भुरभुरवलेला पावाचा चुरा हा सुताराच्या दुकानातला भुसा मानतात. आमच्या पंगतीला भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी आणि शेंगाच्या पोळ्या होत्या. सुतारकाकांकडे पोळ्यांचा डबा पंगत बसण्याआधी गेला.

आमचे काय चुकले

पुढच्या रविवारी आढावा घेतला तेव्हा कौतुक पुष्कळ झाले आणि मग एक गोष्ट पुढे आली, जिची लाज मला आजही वाटते. मार्गावरच्या प्रत्येक शेजाऱ्याच्या सोयीचा आम्ही विचार केला होता, पण आपल्याच वृद्धांचा केला नव्हता. संध्याकाळी मुलगा किंवा सून त्यांना रिक्षाने आणते, पावणेसहाला ते जमले नाही. अंथरुणाला खिळलेल्या तीन जणांच्या घरांवरून पालखी दर वर्षी जाते आणि दारात थांबते. पहाटेचा मार्ग आखडता घेताना नेमकी तीच गल्ली आम्ही गाळली होती. त्यातल्या एका आजी नेहमीच्या सवयीने संध्याकाळी सहाला खिडकीत बसून राहिल्या होत्या. पालखी सकाळीच होऊन गेली, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. शेजाऱ्यांच्या घरोघरी गेलेलो आम्ही त्यांच्या घरी गेलो नव्हतो, कारण त्या 'आपल्या' होत्या आणि आपल्यांना माहीत असणारच असे आम्ही धरून चाललो. फादर त्याच दुपारी ख्रिस्तप्रसाद (मिस्सामधली पवित्र भाकर) घेऊन त्यांच्याकडे गेले आणि मीही सोबत गेलो. आजी रागावल्या नव्हत्या. नवा गुण्या कसा दिसतो, एवढेच त्यांनी विचारले. मी मोबाईलवर फोटो दाखवला तर त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला.

बँडवाल्यांचा विसारही बुडाला. ते गरीब लोक आहेत, त्यांनी त्या दिवशीचे दुसरे काम नाकारलेले होते, त्यामुळे विसार परत मागायचा नाही आणि पुढच्या वर्षी संध्याकाळच्या मिस्साआधी आवारात अर्धा तास वाजवायला त्यांनाच बोलवायचे, असे ठरले. डॉल्बीची मागणी पुन्हा झाली नाही, पण ती कायमची मिटली असे मी म्हणणार नाही.

त्याच बैठकीत एकाने २०२६ची तारीख काढून पाहिली. १९ मार्च २०२६, गुरुवार, गुढीपाडवा. रमजानचेही अखेरचे दिवस. खोलीत हसू पसरले. पहाटेची वेळ कायम ठेवायची आणि मार्ग लांबवून त्या तिन्ही घरांवरून न्यायचा, यावर या वेळी वाद झाला नाही. गुढ्या सूर्योदयानंतर उभारतात, तोवर पालखी परतलेली असेल. निघताना रांगोळीवाल्या बाईंचा निरोप त्या महाविद्यालयीन मुलीने वाचून दाखवला : पाडव्याला रांगोळी मोठी असते, पालखी नेमकी कुठून वळते ते आदल्या दिवशी कळवा, म्हणजे तेवढी जागा सोडून काढता येईल. कळवण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले आहे. खिडकीतल्या आजींना सांगण्याचे मी घेतले आहे.